फाटक्या कानाचं हरीण

बंदुकीवर नक्षी काढतात हे ऐकून लोकांना कौतुक वाटतं. मला मळमळतं. स्पष्टच सांगते, आडपडदा कशाला? जीव घ्यायच्या वस्तूवर वेलबुट्टी काढायची, मग ती मखमलीवर मांडायची, आणि चार पोट सुटलेल्या माणसांनी तिच्या अंगावरून हात फिरवत ‘अहाहा’ म्हणायचं. शी! आणि हे मी परक्याच्या घरातलं बोलत नाही. हे काम आमच्याच घरात झालंय, माझ्या अब्बांच्या हातून झालंय. तरी मळमळतं ते मळमळतंच.

मी नांदेडला भांड्यांवर नावं टाकते. लग्नसराईत बायका हंडे, पराती, डबे घेऊन रांगेत उभ्या राहतात आणि माझं मशीन दिवसभर घर्रघर्र करत असतं. ‘चि. सौ. कां. हिला मोठ्या मामांकडून सप्रेम भेट.’ मामाचं नाव आत्याच्या नावापेक्षा मोठं पाहिजे, यावरून माझ्या डोळ्यांदेखत सोयरिकी ताणल्या आहेत. शुद्धलेखनावरून मी भांडते. कुणी ‘सप्रेम’चं ‘सप्रेंम’ लिहून आणलं की मी चिठ्ठी परत करते. घरात आम्ही दखनी बोलतो, पण मी मराठी शाळेत शिकले, आणि बाई, पितळेवर एकदा उमटलं की तिथं खोडरबर चालत नाही.

आमच्या धंद्याचा एक कायदा आहे. देणाऱ्याचं नाव पडतं, घेणाऱ्याचं पडतं. घडवणाऱ्याचं पडत नाही, आणि नाव टाकणाऱ्याचं तर नाहीच नाही. लहानपणी मी अब्बांना विचारलं होतं, तुम्ही जगाची नावं कोरता, मग स्वतःचं का नाही कोरत? ते म्हणाले, ‘वेडी हाय का तू? ज्याचं नाव त्याचं भांडं. आपलं नाव दिसलं तर लोक म्हणतील, यानं चोरलं.’

भांड्यांच्या आधी आमच्या घरात बंदुका होत्या. अब्बांचे वडील आणि त्यांचे वडील निजामाच्या राज्यात तलवारीच्या मुठींवर आणि बंदुकांवर नक्षी काढायचे. राज्य गेलं, हत्यारं ठाण्यात जमा झाली, काम संपलं. हात तेवढे राहिले. रिकाम्या हाताला काहीतरी पाहिजे म्हणून हंडे-घागरी आल्या. अब्बा वडिलांकडून नक्षी शिकले खरे, पण बंदुकीवर ती काढायचा योग त्यांना आयुष्यात एकदाच आला.

मी तेव्हा नुकती शाळेत जायला लागले होते. बिलोलीकडचे एक देशमुख माझ्या आजोबांची ख्याती ऐकून आमचं घर शोधत आले. आजोबा तर कधीच गेलेले, म्हणून त्यांनी काम अब्बांना दिलं. त्यांच्याकडे एक ठासणीची बंदूक होती, नळीत दारू ठासून उडवायची जुन्या पद्धतीची. बंदूक जुनी होती पण अगदी साधी, एखाद्या विधवेच्या हातासारखी बोडकी. ती त्यांना नव्या जावयाला द्यायची होती. घोड्याजवळच्या पोलादी पट्टीवर पळती हरणं पाहिजेत, म्हणाले, आणि लाकडी दस्त्याच्या टोकाला जी पितळी पट्टी असते, तिच्यावर नाव टाका.

आता अब्बांनी हरीण कुठं बघितलं होतं? जन्म गेला नांदेडच्या गल्लीत. देशमुखांच्या बैठकीत भिंतीवर शिंगं लावलेली होती, ती तेवढी ते जाऊन बघून आले. खालचं हरीण कुठून आणणार? दारात बकरी होती आमची, उस्मानाबादी, काळीकुळकुळीत, हातभर लांब लोंबते कान. डावा कान कुत्र्यानं फाडलेला. अब्बांनी तिलाच समोर बांधलं. मी तिचं तोंड धरून बसायचं आणि अब्बांनी पोलादावर छिन्नी चालवायची. ‘हल्लू देऊ नको तिला,’ असं ते सारखे ओरडायचे, आणि ती नेमकी माझी ओढणी खायची.

झालं काय, तर त्या पट्टीवर जी हरणं पळाली त्यांची शिंगं हरणाची आणि बाकी सगळी बकरी. कान हे असे गालाला लोंबलेले. आणि एकूण एक हरणाचा डावा कान फाटका! अम्मा बघून म्हणाली, ‘नशीब, कास नाही काढली.’ पण खरं सांगते, जिवंत होती ती जनावरं. एक वळून मागं बघत होतं, त्याच्या डोळ्यात भीती होती. तेवढ्याशा पोलादात ती कशी आणली ते अब्बांनाच ठाऊक. त्यांनी पोटासाठी पुष्कळ केलं. जीव ओतून केलं ते एवढंच.

खरी गंमत तर पुढंच आहे. देशमुख म्हणाले होते, नाव टाका. अब्बांना नाव टाकायची एकच रीत माहीत होती. त्यांनी पितळी पट्टीवर टपोऱ्या अक्षरांत कोरलं, ‘चि. जावईबापूंस सासऱ्यांकडून सप्रेम भेट.’

देशमुख बंदूक न्यायला आले आणि ते वाचून त्यांचा चेहरा लालबुंद झाला. ‘मिस्त्री, बंदूक हाय का तांब्या हाय ही?’

अब्बा गरीब तोंड करून म्हणाले, ‘मालक, तुम्हीच म्हणले ना नाव टाका.’

देशमुखांनी पुन्हा वाचलं, आणि असे हसत सुटले की त्यांना ठसका लागला. ‘ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. जावई तरी कुठं वाघ मारणार हाय!’ मग त्यांनी हरणांवरून बोट फिरवलं. कान बघून काही बोलले नाहीत. ‘लई सुरेख केलं, मिस्त्री,’ एवढंच म्हणाले. हे वाक्य अब्बा आम्हाला पुढं ईदेला, बारशाला, कुणी पाहुणा आला की सांगायचे. आम्हा पोरांना ते पाठ झालं होतं, त्यांच्या मागं तोंडं वाकडी करून आम्ही ते म्हणायचो.

वर्षं गेली. अम्मा गेली, बकरी तर कधीच गेली. छिन्नीच्या जागी मशीन आलं आणि मशीनवर मी बसले. काचबिंदूनं अब्बांची नजर नेली. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. ते माझ्याशेजारी खुर्चीवर बसून राहायचे, मांडीवर जुन्या छिन्न्यांची पिशवी घेऊन.

एक दिवस एका गिऱ्हाइकानं नाव पडेपर्यंत करमणूक म्हणून मोबाइल पुढं केला. ‘आपा, हे बघा, बंदुकीवर पण तुमच्यासारखंच काम असतंय.’ लातूरचा कुणी गुत्तेदार होता त्यात. रस्त्यांची, पुलांची कामं घेणारा, अंगठ्या घातलेल्या बोटांवर पांढरे हातमोजे चढवलेला. जुन्या नक्षीदार बंदुका जमवायचा त्याला शौक. एक बंदूक लेकरासारखी हातावर घेऊन तो सांगत होता, ही दोनशे वर्षांपूर्वीची, दख्खनच्या दरबारातली नक्षी. कॅमेरा जवळ गेला. पोलादावर हरणं पळत होती, लोंबत्या कानांची.

मी मशीन बंद केलं. अब्बांच्या कानाशी वाकून म्हटलं, ‘अब्बा, तुमची हरणं.’

ते माझ्याकडे वळले. मग विचारलं, ‘डावा कान?’

‘फाटका.’

‘सगळ्यांचा?’

‘सगळ्यांचा.’

‘मग आपलीच बकरी ती!’ आणि ते इतक्या मोठ्यानं हसले की शेजारचा भांडीवाला गल्ल्यावरून उठून बघायला आला.

त्या दिवसापासून अब्बांच्या जिवाला एकच ध्यास लागला. जेवताना तेच, झोपताना तेच. ‘एकदा हातात पायजे मला ती. आन् चार लोकांत कुणीतरी म्हणावं, हे यानं केलं. बस. दुसरं कायबी नको.’ देणं नको, घेणं नको, आयुष्यभर लोकांची नावं कोरलेल्या माणसाला एकदा स्वतःचं नाव ऐकायचं होतं. मला खरं तर त्या बंदुकीचं तोंडही बघायचं नव्हतं. पण म्हाताऱ्या बापाला नाही म्हणायला काळीज दगडाचं लागतं.

मी गुत्तेदाराचा नंबर मिळवून फोन लावला. मला वाटलं होतं, तो उडवून लावील. पण तो उलट खूष झाला. ‘हाव हाव, आपा! त्या देशमुखाच्या जावयाच्या घरच्यांनी मला सांगितलं होतं, नांदेडच्या मिस्त्रीनं नक्षी काढली म्हणून. चाचा हयात हायेत? काय सांगता! माझ्या फार्महाउसवर कार्यक्रम ठेवून राहिलो मी, मोठमोठे लोक येणार. चाचांना घेऊनच या. सगळ्यांसमोर बोलू. शब्द हाय माझा.’

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं, हे ध्यानात ठेवा.

जायच्या दिवशी अब्बांनी पांढरा कुर्ता कडक इस्त्री करून घेतला, आणि न दिसणाऱ्या डोळ्यांत सुरमा घातला. एसटीत नांदेड ते लातूर ते मनाशी पुटपुटत होते. काय बोलायचं त्याची उजळणी चालली होती. बकरीचं सांगू का नको, असं मला विचारत होते. मी म्हटलं, खुशाल सांगा, खरं ते सांगायला काय भीती?

लातूरला स्टँडवर गुत्तेदाराची गाडी आली होती. निलंगा रस्त्याला त्याचं फार्महाउस. बाहेर उसाला पाणी नाही म्हणून माणसं बोंबलत होती आणि आत हिरवळीवर फवारे उडत होते. एका थंडगार हॉलमध्ये काचेच्या पेट्या, पेट्यांत लाल मखमल, मखमलीवर बंदुका. हस्तिदंती मुठी, चांदीची फुलं, नळीवर सोन्याच्या तारेनं काढलेले मोर. कामं सुंदर होती, खोटं कशाला बोलू? म्हणूनच तर जास्त किळस आली. ज्या कारागिरानं तो मोर काढला, त्याच्या बोटांना काय वाटलं असेल, की आपला मोर कुणाच्या छातीवर रोखला जाणार?

एक जण एका पिस्तुलाच्या नळीचा वास घेत होता. वास! अत्तराचा फाया असावा तसा, डोळे मिटून. गुत्तेदारानं एक मोतिया मुठीचं पिस्तूल दाखवलं आणि म्हणाला, ‘याच्या मालकानं याच्यानं एक नोकर उडवला होता म्हणतात. सरबतात साखर कमी पडली म्हणून.’ गोष्ट खरी का खोटी देव जाणे, पण जमलेले लोक हसले ते खरं. एक बाई तर म्हणाली, ‘बाई गं, किती नाजूक काम आहे ना?’ मला तिथंच थुंकावंसं वाटलं. खाली गालिचा होता म्हणून गिळलं.

शेवटी त्यानं स्वतःसाठी खास बनवून घेतलेलं नवं रिव्हॉल्व्हर काढलं. त्याच्यावर नक्षी काय, तर सोन्याचा मुलामा दिलेलं त्याचंच थोबाड. मिशीसकट! गावभर वाढदिवसाचे फलक लावून भागलं नाही, आता गोळी खाणाऱ्यानंही याचं तोंड बघून मरायचं.

मग अब्बांच्या हातात त्यांची बंदूक आली. आधी कुणीतरी पांढरे मोजे पुढं केले. अब्बांनी ते बाजूला सारले. ‘मोजे घालून मला काय दिसणार?’

त्यांनी पोलादी पट्टीवर बोटं टेकवली. मी त्यांचा चेहरा बघत होते. बोट शिंगावर गेलं, कपाळावर आलं, कानावरून घसरलं, फाटक्या जागी थांबलं. ‘हीच,’ ते म्हणाले. त्यांच्या गालावरून सुरम्याचा काळा ओघळ आला. मग त्यांचा हात दस्त्याच्या टोकाकडे सरकला, पितळी पट्टीवर. तिथं ते चाचपत राहिले, इकडून तिकडे, पुन्हा इकडून.

‘मालक, हितं अक्षरं होती.’

‘वापरून झिजली असतील, चाचा.’

‘वापरून न्हाई. कानशीनं घासलीत.’

गुत्तेदार जवळ सरकला आणि हळू आवाजात, अगदी गोडीगुलाबीनं बोलला. ‘चाचा, समजून घ्या. सप्रेम भेट लिहिलेली बंदूक दरबारातली कोण म्हणंल? लोक हसतील मला. बंदूक जुनीच हाय की, नक्षीला जरा जुनं म्हणलं तर कुणाचं काय जातंय?’

‘मग आमचं काय बोलणार होते तुम्ही?’

‘बोलू की, बोलू. बसा तुम्ही निवांत.’

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अब्बांचा हात धरला आणि म्हटलं, चला. पण अब्बा हलले नाहीत. ‘शब्द दिलाय त्यानं,’ असं म्हणून पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ताठ बसून राहिले. त्यांच्या त्या ताठ बसण्याचीच मला जास्त चीड आली.

पुण्याहून एक जाणकार बोलावला होता, सडपातळ, खादीचा झब्बा, आवाजाला साय आलेली. मागं पडद्यावर आमची बकरी भिंतीएवढी मोठी केलेली. तो म्हणाला, ‘हे लांबलेले कान पाहा. ही निव्वळ चूक नव्हे, ही दख्खनी शैलीतली करुणा आहे. मृत्यूची चाहूल ऐकण्यासाठी जणू कान लांब झाले आहेत. आणि डाव्या कानाला दिलेला हा छेद! अपूर्णतेचं केवढं मोठं तत्त्वज्ञान त्या कारागिरानं इथे मांडलं आहे.’

कुत्र्यानं फाडला होता हो तो! मोहल्ल्यातल्या लूत भरलेल्या कुत्र्यानं! मी खुर्चीच्या कडा धरून बसले होते.

‘हा कारागीर कोण, आपल्याला ठाऊक नाही,’ जाणकार पुढं म्हणाला. ‘दोनशे वर्षांपूर्वीच तो मातीत मिसळला. अज्ञात राहिला. पण मित्रहो, असा हात दख्खनमध्ये पुन्हा झाला नाही.’

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत तो हात मांडीवर ठेवून अब्बा ऐकत होते. आवाज येईल त्या दिशेला त्यांनी कान केला होता.

मग गुत्तेदार उठला. आता बोलेल, मला वाटलं. निदान अर्ध्या तोंडानं तरी बोलेल. तो म्हणाला, ‘आज आपल्यात नांदेडचे एक जुने कारागीर आलेत. भांड्यांवर फार छान नावं टाकायचे. चाचा, या कलेबद्दल दोन शब्द बोला.’

झाला शब्द पाळून. भांड्यांवर फार छान नावं टाकायचे!

अब्बा उठले. माइक त्यांच्या हातात दिला. बोलायची उजळणी करून आले होते. ‘ज्यानं हे काम केलं,’ ते म्हणाले, ‘त्यानं जिंदगीत हरीण बघितलं न्हाई. त्याच्या दारात बकरी होती. कान तिचे हायेत.’

हॉलमध्ये हशा उसळला. काय मिश्कील म्हातारा आहे, अशा नजरेनं लोक एकमेकांकडे बघायला लागले. जाणकार मान मागं टाकून हसला आणि त्यानं टाळ्या सुरू केल्या. त्या टाळ्यांत अब्बा आणखी काहीतरी म्हणाले. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. ते म्हणाले, ‘तो मीच.’

मग मी उठले. मला माइकची गरज नसते, बाजारात बसते मी. ‘अहो, हसता काय? यांनीच केलंय ते! ती बकरी मी धरली होती, या हातांनी! आणि या मालकांना ठाऊक आहे सगळं. विचारा त्यांना, पट्टीवरची अक्षरं कुणी घासली!’

गुत्तेदार छताकडे बघायला लागला. आणि जाणकारानं काय करावं? तो माझ्याकडे मायेनं बघून म्हणाला, ‘ताई, भावना पोचल्या. परंपरेतला कारागीर आपल्या पूर्वजांशी असाच एकरूप होतो. तो मीच, असं म्हणणं हेच किती सुंदर आहे!’

पुन्हा टाळ्या. सांगा आता, अशा माणसाला मारायचं कशानं? खोटं बोलणाऱ्याचं तोंड धरता येतं, पण तुमचं खरंच उचलून त्याला फुलं वाहणाऱ्याचं काय करायचं? डोंबल त्या विद्वत्तेचं.

अब्बांना शाल घातली, नारळ दिला आणि सगळ्या पाहुण्यांना वाटली तशी एक पितळेची थाळी दिली. मग गुत्तेदार गर्दीतून आला आणि मला म्हणाला, ‘आपा, राग धरू नका. जेवून जा. मटण केलंय, उस्मानाबादी बोकड हाय.’

खरंच म्हणाला असं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेच तर सांगते आहे मी.

आम्ही पाण्याच्या थेंबाला न शिवता निघालो. गाडी पण नको म्हटलं. अब्बांचा हात धरून फाट्यापर्यंत चालत आलो आणि निलंग्याकडून येणाऱ्या एसटीला हात केला. मी अख्खा रस्ता त्या गुत्तेदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. कंडक्टरसुद्धा दबकून तिकीट देऊन गेला. अब्बा खिडकीशी बसले होते. लातूर जवळ आल्यावर ते पहिल्यांदा बोलले.

‘ऐकलं का तू? लई मोठा कारागीर होता म्हणे.’

मी त्यांच्या गालावरचा सुरमा पुसला.

‘असा हात पुन्हा झाला न्हाई म्हणे,’ ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, ‘मेला म्हणे पर.’

मी तोंड फिरवून बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी ती थाळी भंगारात टाकायला काढली. अब्बांना भांड्याचा आवाज बरोबर कळतो. म्हणाले, ‘आण इकडं. काय लिवलंय त्याच्यावर?’

‘तुमचं हरीण छापलंय. आणि खाली मशीननं कोरलंय, अज्ञात कारागीर. अक्षर पण धड नाही, ‘ज्ञ’चं पोट फाटलंय.’

‘अज्ञात म्हंजे?’

‘ज्याचं नाव कुणाला माहीत नाही तो.’

‘आन् माहीत असला तर?’

‘तर नुसतं ज्ञात.’

अब्बांनी थाळी मांडीवर घेतली आणि बोटानं अक्षरं चाचपली. पहिल्या अक्षरावर अंगठा ठेवला. ‘हाच का अ?’

‘हो.’

‘कानस दे.’

मी म्हटलं, मशीननं पुसते एका झटक्यात. ते म्हणाले, ‘मशीन नक्को.’ पिशवीतून मी बारीक कानस काढून दिली. न दिसणारे डोळे वर छताकडे लावून ते घासत बसले. पितळेचा भुगा कुर्त्यावर पडत होता. मध्येच अंगठा फिरवून बघत, पुन्हा घासत. चहाचे कप विसळून मी परत आले तेव्हा ‘अ’च्या जागी एक ओबडधोबड चकचकीत डाग राहिला होता. पुढं लिहिलेलं होतं, ज्ञात कारागीर.

‘त्यानं माझी घासली, मी त्याचं एक घासलं,’ अब्बा म्हणाले. ‘फिट्टंफाट.’

त्यांची झाली असेल, माझी नाही झाली. मी ती थाळी मशीनच्या मागं भिंतीला टेकवून ठेवली. गिऱ्हाईक विचारतात, आपा, विकायची का? मी म्हणते, ज्याचं नाव त्याचं भांडं, विकायची नाही.

थंडी सरता सरता अब्बा गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. माती देऊन पुरुष परतले, घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, तेवढ्यात गुत्तेदाराचा फोन आला. कुठून कळलं कोण जाणे. आवाज भरून आलेला. ‘आपा, फार वाईट झालं. लई मोठा कारागीर गेला.’

अब्बा जिवंत असताना हे वाक्य त्याच्या घशात अडकलं होतं. माती पडल्याबरोबर सुटलं. मी ऐकून घेतलं.

मग तो म्हणाला, ‘एक विनंती होती, आपा. चाचांच्या त्या जुन्या छिन्न्या... आपल्या बंदुकीच्या पेटीत शेजारी मांडीन म्हणतो. शोभतील. घरात नुसत्या गंजून जातील ना.’

पिशवी समोर खुंटीला होती. अब्बांच्या हाताच्या घामानं तिचे बंद काळे पडले होते.

मी म्हटलं, ‘मालक, तुमचा कारागीर दोनशे वर्षांपूर्वी मेला. त्याच्या छिन्न्या माझ्या घरात कुठून येणार? इथं माझे अब्बा गेलेत.’

आणि फोन ठेवून दिला.